नाव बदलले, पण फोल्डरचे काय?

तुमच्या घरातला संगणक सुरू केला की पडद्यावर कोणाचे नाव येते? गेल्या काही महिन्यांत आम्ही हा प्रश्न वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत आणि विद्यार्थ्यांच्या बैठकांत मुद्दाम विचारत आहोत. उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. कुणाच्या पडद्यावर 'ॲडमिन' येते, कुणाच्या 'युजर', तर कुणाच्या संगणक बनवणाऱ्या कंपनीचेच नाव. ज्यांनी जुना संगणक विकत घेतला किंवा ज्यांना तो कुणी दान दिला, त्यांच्याकडे आधीच्या मालकाचे नाव येते. तीन-तीन वर्षे पोरगा त्या नावाखाली अभ्यास करतो, अर्ज भरतो, नोकरीसाठी बायोडेटा बनवतो. विचारले तर म्हणतो, "सर, त्याने काय फरक पडतो?"

फरक पडतो, आणि तो नुसता भावनेचा नाही. त्यात आपल्या कागदपत्रांची सुरक्षितता आहे, घरातल्या मुलींचा हक्क आहे. आणि नाव बदलणे म्हणजे नेमके काय, या चळवळीच्या जुन्या प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तरही त्या यंत्रात दडलेले आहे. हा लेख त्या तिन्ही गोष्टींबद्दल आहे.

नाव आपण ठेवलेले नसते

संगणकावर पहिले खाते कोण उघडतो? आपल्याकडे बहुधा दुकानदार. तो विंडोज टाकून देतो, घाईघाईत काहीतरी नाव देतो, कधी पासवर्डही स्वतःच ठरवतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो. हे पहिले खाते साधे नसते. तेच मुख्य खाते, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर. कोणता प्रोग्राम टाकायचा, कोणाला आत घ्यायचे, कोणाचा पासवर्ड बदलायचा, हे सगळे तेच ठरवते. म्हणजे घर आपले, पैसे आपले, हप्ते आपले आणि किल्लीवर नाव भलत्याचेच.

मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याने संगणक सुरू केला तर आणखी एक गंमत होते. विंडोज तुमच्या ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे उचलते आणि त्यांचे फोल्डर तयार करते. ज्याच्या ईमेलची सुरुवात आडनावाने होते, त्याच्या संगणकात आडनावाचे मुंडके तोडून एक अर्धवट शब्द कायमचा बसतो. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही. यंत्राने नाव ठेवले आणि आपण ते वापरू लागलो.

नाव ठेवण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा कायदाच सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे किळस दाखवणारे असावे. आमच्या पणजोबांच्या पिढीतल्या धोंडू, दगडू, कचरू या नावांमागे पोर जगावे म्हणून केलेला नवसही असेल, आणि ती नावे इतर जातींतही सापडतात. पण ज्याला चांगले नाव ठेवण्याची मुभाच नव्हती, त्याचा दगडू आणि ज्याला होती त्याचा दगडू एक नव्हे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जळला, त्यात हा नावांचा कायदाही होता. त्यानंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा जन्माला आले. आपली नावे आपण ठेवू, ही आपली कमावलेली गोष्ट आहे. ती दुकानदाराच्या घाईवर सोडून देण्याइतकी स्वस्त नाही.

त्या नावाबरोबर काय काय जाते

आता व्यवहाराचे बोलू. वर्डमध्ये बायोडेटा बनवला की फाइलच्या गुणधर्मांत 'लेखक' म्हणून एक नाव नोंदले जाते. ऑफिसचा प्रोग्राम ज्याच्या नावाने सुरू झाला, त्याचे ते नाव. आपला पोरगा स्वतःची हुशारी लिहून पाठवतो आणि फाइलच्या आत लेखक म्हणून जुन्या मालकाचे नाव जाते. मुलाखत घेणाऱ्याने सहज पाहिले तर त्याला वाटणार, बायोडेटा दुसऱ्याकडून लिहून घेतला आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. जुन्या संगणकात आधीच्या मालकाचे मायक्रोसॉफ्ट खाते तसेच चालू असेल आणि वनड्राइव्हची साठवण सुरू असेल, तर तुम्ही डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेली कागदपत्रे त्याच्या क्लाउडवर जाऊ शकतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारची प्रत, बँकेचे पासबुक, बहिणीचे फोटो, सगळे. शिवाय नव्या विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करण्याची सोय असते आणि त्या कुलपाची किल्ली त्या ऑनलाइन खात्यात जमा होते. एखाद्या दिवशी संगणकाने ती मागितली तर? किल्ली त्याच्याकडे, डेटा आपला.

चळवळीतले काही ज्येष्ठ आम्हाला म्हणाले, "ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, नोकऱ्यांचे खासगीकरण चाललेय आणि तुम्ही संगणकाच्या नावावर लिहिताय?" त्यांचा राग समजतो. पण शिष्यवृत्तीचा अर्ज आज कुठे भरला जातो? महाडीबीटीवर. जात पडताळणीचा अर्ज? ऑनलाइन. तक्रार अर्जाचा मसुदा कुठे टाइप होतो, पीडित कुटुंबाचे जबाब कुठे साठवले जातात? याच संगणकात, याच खात्यात. ज्या कपाटात हक्काचे कागद आहेत, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे पाहणे फालतू काम नाही. हेसुद्धा चळवळीचेच काम आहे.

नाव बदलले तरी काय बदलत नाही

हे ऐकून काही तरुण उत्साहाने उठतात, सेटिंगमध्ये जातात आणि खात्याचे नाव बदलून टाकतात. दुसऱ्या दिवशी सुरू करताना नवे नाव दिसते. 'जयभीम' असे देवनागरीत लिहिलेला पडदाही आम्ही पाहिला आहे. बरे वाटते. पण सी ड्राइव्ह उघडा, युजर्स नावाचे फोल्डर उघडा. आत जुनेच नाव बसलेले असते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. विंडोज माणसाला नावाने ओळखतच नाही. खाते तयार होते त्या क्षणी त्याला एक लांबलचक सुरक्षा-क्रमांक मिळतो. कोणती फाइल कोण उघडू शकतो, कोण बदलू शकतो, सगळ्या परवानग्या त्या क्रमांकाला जोडलेल्या असतात. त्याच क्रमांकापुढे तुमचे फोल्डर कुठे आहे, तो पत्ताही रजिस्ट्रीत लिहून ठेवलेला असतो. पडद्यावरचे नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटी कितीदाही बदला. आतला क्रमांक तोच, पत्ता तोच. एखादा प्रोग्राम बिघडला की चूक सांगताना तो जुना पत्ताच दाखवतो. ऑनलाइन बैठकीत पडदा दाखवताना तोच दिसतो.

मग काही जण आणखी पुढे जातात आणि फोल्डरचेच नाव खोडून नवे लिहायला बघतात. हे करू नका. नोंद जुन्या पत्त्याची आणि फोल्डर नव्या नावाचे, अशी फारकत झाली की विंडोजला तुमचे घर सापडत नाही. ते तुम्हाला तात्पुरत्या खात्यात ढकलते. सगळे फोटो, सगळे कागद गायब झाल्यासारखे दिसतात आणि घरात रडारड होते.

थोडक्यात, वरवरचे नामांतर सोपे आणि निरुपयोगी. घाईने मुळावर घातलेला घाव धोक्याचा. मग करायचे काय?

बाबासाहेबांनी हा प्रश्न सोडवून ठेवला आहे

यंत्राची तुलना धम्माशी करतो म्हणून कुणी रागावू नये. तुलना यंत्राची आहे तशीच विचारपद्धतीचीही आहे, आणि ती बाबासाहेबांनीच शिकवली.

बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरावरच्या आक्षेपांना उत्तर देणारे एक प्रकरण आहे. त्यात ते नावाच्या प्रश्नाला थेट भिडतात. गुलाबाला कोणतेही नाव दिले तरी सुगंध तोच, हे वचन सगळ्यांना पाठ असते. बाबासाहेबांचा मुद्दा असा की, लोक नावावर न विसंबता प्रत्येक वस्तू स्वतः तपासून पाहत असते, तर ते खरे ठरले असते. प्रत्यक्षात माणसे नावावरूनच ठरवतात. म्हणून नाव महत्त्वाचे. पण ते तिथेच थांबत नाहीत. अस्पृश्यांनी याआधी नावे बदलून पाहिली होती. कुणी चोखामेळा म्हणवले, कुणी रविदास, कुणी वाल्मीकी. वरून 'हरिजन' हे नाव लादले गेले ते वेगळेच. काय झाले? समोरचा दोन प्रश्न जास्त विचारतो आणि जुन्या जातीपर्यंत पोहोचतो. नवे नाव त्याच हिंदू समाजाच्या आतले असेल, तर ते जुन्या नावाकडेच बोट दाखवते. नाव खरोखर बदलायचे असेल तर ज्या व्यवस्थेने जुने नाव दिले, त्या व्यवस्थेतूनच बाहेर पडावे लागते.

आता संगणकाकडे पाहा. पाटी बदलून भागत नाही. आतला क्रमांक बदलत नाही. जाणकार माणूस सांगतो तो खात्रीचा उपाय एकच: नवे खाते उघडा, आपल्याला हवे ते नाव पहिल्यापासून द्या, आपले जे जे आहे ते तिकडे न्या आणि मग जुने खाते बंद करा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी नेमके हेच केले. जुन्या खात्याची रंगरंगोटी केली नाही, नवे खाते उघडले. आणि बावीस प्रतिज्ञांमधल्या पहिल्या अनेक प्रतिज्ञा जुन्या देवांना, श्राद्धाला, पिंडदानाला नकार देणाऱ्या आहेत. म्हणजे जुन्या खात्याचे प्रोग्राम नव्या खात्यात आपोआप सुरू होणार नाहीत, याचाही बंदोबस्त त्यांनी केला. आपल्यातले जे लोक गळ्यात पंचशीलाचा धागा आणि घरात सत्यनारायण असा संसार करतात, त्यांनी यावर विचार करावा.

आणखी एक गोष्ट. ज्या खात्यात आपण बसलो आहोत, ते खाते आत बसून मोडता येत नाही. विंडोजवर ते पुसायचे तर दुसऱ्या ॲडमिन खात्यात जावे लागते. मॅकवर घरचे फोल्डर आणि खात्याचे नाव बदलायचे तरी तसेच. लिनक्सवर लॉगिनचे नाव आज्ञा देऊन बदलता येते, पण तो वापरकर्ता आधी बाहेर पडलेला हवा. 'हिंदू धर्मात राहूनच सुधारणा करू' म्हणणाऱ्यांना १९३५ च्या येवल्याच्या घोषणेने दिलेले उत्तर यापेक्षा वेगळे होते काय?

जुना पत्ता पिच्छा सोडत नाही

पण धर्मांतरानंतर तरी जुने फोल्डर गेले काय? प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात आपली घरे जळाली, पोचीराम कांबळे यांच्यासारखे लोक मारले गेले, पुढे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. सोळाव्या वर्षी, १४ जानेवारी १९९४ रोजी, जे मिळाले ते नामांतर नव्हते, नामविस्तार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव आले, पण 'मराठवाडा' काढले नाही. तो विजय होता, यात शंका नाही. दरवर्षी विद्यापीठाच्या गेटवर लाखो लोक उगाच जमत नाहीत. पण प्रस्थापितांनी पाटी बदलू दिली आणि जुना पत्ता पाटीवरच ठेवून घेतला, हेही खरे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी यावीत, असे ठरले. चांगला निर्णय. आम्ही त्याचे स्वागतच केले. पण समतानगर अजूनही गावाच्या त्याच टोकाला आहे, रस्ता आणि नळ तिथे अजूनही शेवटीच पोहोचतो, आणि गावातले म्हातारे पत्ता सांगताना जुनेच नाव घेतात. पाटी बदलली. सी ड्राइव्ह तपासलेला नाही.

सरकारी भाषेत आपण अजून 'नवबौद्ध' आहोत. १९५६ ला सत्तर वर्षे होत आली, तरी आपण 'नव'च. शासकीय वसतिगृहाच्या जाहिरातीत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हे शब्द वाचणाऱ्या आजच्या मुलाचा आजोबासुद्धा बौद्ध म्हणूनच वाढलेला असतो.

परवानग्यांचे काय झाले, तेही आठवा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू असण्याशी बांधला होता. १९५६ साली नवे खाते उघडताच केंद्राच्या सवलती बंद झाल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या पातळीवर बौद्धांना हा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. मधली चौतीस वर्षे! एका अख्ख्या पिढीला जुन्या खात्यात परत ये, मग परवानगी देतो, असे सांगितले गेले. ती पिढी परत गेली नाही. आपण ज्या नावाने आज मिरवतो, त्याची किंमत त्या आई-बापांनी मोजली आहे.

आणि म्हणूनच आम्ही जुने फोल्डर एकदम पुसून टाका असे म्हणत नाही. जात पडताळणीसाठी आजही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या जातीतून बाहेर पडलो, त्या जातीचा आजोबा-पणजोबाचा कागद दाखवल्याशिवाय आपला हक्क मिळत नाही. हा विरोधाभास आपण तयार केलेला नाही. अत्याचार जातीच्या नावाने झाला, म्हणून भरपाईचा हिशोबही त्याच नावाने मांडावा लागतो. तेव्हा जुन्या फोल्डरातला डेटा जपून ठेवायचा, त्याची प्रत काढायची. पण राहायला तिथे जायचे नाही. जुना पत्ता पुरावा म्हणून जवळ असावा, ओळख म्हणून नव्हे.

आडनाव लपवायचे काय?

संगणकावरचे नाव बदलण्याची चर्चा निघाली की हा प्रश्न हमखास येतो. "ऑनलाइन मुलाखतीत खाली नाव दिसते. आडनाव काढून टाकू का?" नुसते नाव आणि पुढे एक इंग्रजी अक्षर, अशी सोय अनेकांनी करून घेतली आहे.

ही भीती काल्पनिक नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावांचा होता. २००७ साली त्यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. दलित नावाच्या अर्जदाराला पुढे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. हे अर्ज उच्चशिक्षितांचे होते. म्हणजे 'शिका, मग जात कोण विचारतो' म्हणणाऱ्यांचे तोंड तिथेच बंद व्हायला हवे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. भाड्याचे घर मिळवताना किंवा मुलाखत देताना आडनाव सांगायला अडखळणारा तरुण भित्रा नाही. नाव ऐकून दार लावणारा दोषी आहे. ज्याला लपवावे लागते त्याला आपल्यातल्याच कुणी हिणवू नये. पण लपवण्याला मुक्ती समजू नये. अमेरिकेत २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातीय भेदभावाचा दावा लावला. त्यातला आरोप असा होता की, दलित अभियंत्याची जात उघड झाली ती वरिष्ठाला आयआयटीच्या प्रवेशाचा इतिहास माहीत होता म्हणून. आडनाव राहिले बाजूला, जुनी प्रवेशयादी समुद्र ओलांडून आली. जगाचे संगणक जोडणाऱ्या कंपनीवर हा आरोप झाला, हे विसरू नका. पाटी बदलून, देश बदलूनही जुना पत्ता शोधणारे शोधतात. कारण दोष आपल्या पाटीत नसून शोधणाऱ्याच्या डोक्यात आहे.

नाव घाबरून बदलले तर ते लपणे होते. स्वाभिमानाने बदलले तर ते नामांतर होते. कृती बाहेरून सारखीच दिसते. फरक एवढाच की दुसऱ्या बाबतीत आपण काय टाकले आणि काय घेतले, हे छाती पुढे करून सांगता येते.

घरातल्या ॲडमिनचे नाव काय?

आता आपल्या घरात डोकावू. बाहेरच्यांना प्रश्न विचारणाऱ्यांनी हेही सहन केले पाहिजे.

आपल्या वस्त्यांतल्या घरांत संगणक असला तर मुख्य खाते बहुधा मुलाच्या नावाने असते, नाहीतर वडिलांच्या. पासवर्ड त्याला माहीत. मुलगी बारावीत असो वा एम.ए.ला, तिला भावाने उघडून दिले तर ती बसणार. तिच्या फाइली भावाच्या फोल्डरात, तिने इंटरनेटवर काय पाहिले ते भावाच्या नजरेखाली. आईचे तर खातेच नाही. बचत गटाचा हिशोब तीच लिहिते, पण वहीत.

समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांचे म्हणणे आपण जयंतीच्या बॅनरवर छापतो. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले हे भाषणात सांगतो. मग घरच्या संगणकात बहिणीला स्वतःचे खाते आणि स्वतःचा पासवर्ड का नाही? मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवले की, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव येईल. सरकारच्या कागदावर आई आली. आपल्या पडद्यावर कधी येणार?

मुख्य खात्याचे नाव बदलताना नुसते 'आधीच्या मालकाऐवजी माझे' एवढे केले, तर मालक बदलला, मालकी तशीच राहिली. लोकशाही ही फक्त मतपेटीत नसते, घरातही असावी लागते. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचे खाते हवे, आणि मुख्य खात्याचा पासवर्ड घरातल्या किमान दोघांना माहीत हवा. त्यातली एक स्त्री असावी.

प्रत्यक्ष कसे करायचे

जाणकारांना हे ठाऊक आहे. बाकीच्यांनी एकदा शांतपणे वाचून मगच हात घालावा. पद्धत विंडोजची सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक संगणक त्यावरच आहेत.

१. आधी प्रत काढा. दाखले, मार्कशीट, फोटो, प्रबंध, सगळे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. प्रत उघडून पाहा. न तपासलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.

२. जुन्या खात्यातून नवे खाते उघडा आणि ते ऑनलाइन ईमेलशी न जोडता स्थानिक खाते म्हणून उघडा. तेव्हा दिलेले नावच फोल्डरला लागते. हे नाव इंग्रजी अक्षरांत, छोटे आणि मधे जागा न सोडता द्या. देवनागरी नावाच्या फोल्डरवर काही जुने प्रोग्राम अडतात.

३. फोल्डर तयार झाल्यावर पडद्यावरचे नाव हवे तर देवनागरीत करा. आत-बाहेर दोन्हीकडे तुमचेच नाव राहील.

४. नव्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार द्या. मग जुन्यातून बाहेर पडून नव्यात या.

५. फाइली नव्या खात्यात आणा. ब्राउझरमधल्या खुणा आणि साठवलेले पासवर्ड वेगळे आणावे लागतात, ते विसरू नका. वर्डमध्ये वापरकर्त्याचे नाव तपासा आणि जुन्या बायोडेटातले लेखकाचे नाव बदला.

६. दोन-तीन आठवडे नव्या खात्यात काम करा. काही राहिले नाही याची खात्री झाल्यावरच जुने खाते काढा. काढताना विंडोज फाइलीही पुसायच्या का, असे विचारते. प्रत हातात असल्याशिवाय होय म्हणू नका.

७. संगणक दुसऱ्याकडून आलेला असेल, तर एवढ्यावर थांबू नका. प्रत काढून विंडोज मुळापासून नव्याने टाका. आधीच्या मालकाचा कोणताही धागा आत राहता कामा नये.

वस्तीतल्या अभ्यासिकेत दानातून आलेले संगणक असतील, तर हे काम एका रविवारी दहा तरुण मिळून करू शकतात. सकाळी वंदना, मग काम. मुलींना पुढे बसवा आणि माउस त्यांच्या हातात द्या. दात्यांचे आभार जरूर माना, हवे तर भिंतीवर नाव लावा. पण मुलांच्या पडद्यावर दात्याचे नाव नको. शिकणाऱ्याने रोज सकाळी दुसऱ्याच्या उपकाराच्या नावाखाली आत जाऊ नये.

साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. एका ओळीची नोंद. त्या ओळीतल्या मुलाने पुढे या देशाच्या कोट्यवधी माणसांची नोंद माणूस म्हणून करायला लावली. पहिली नोंद कोणत्या नावाने होते, हे क्षुल्लक असते असे आम्ही मानत नाही. आणि नुसत्या नोंदीने काम संपते असेही मानत नाही. पाटी बदला, पण आतले फोल्डर उघडून पाहिल्याशिवाय नामांतर झाले असे म्हणू नका. संगणकात नाही, विद्यापीठात नाही, वस्तीत नाही आणि स्वतःच्या डोक्यातही नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!